कैतान, त्या दिवशी राळ संपली होती

कैतान, काल तुझी सातव्या दिवसाची मिस्सा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. जोडे काढायचे की ठेवायचे या विचारात माझी निम्मी प्रार्थना गेली. फादरनी धुपाटणं हलवलं, उदाचा धूर माझ्यापर्यंत आला, आणि मला उठून बाहेर यावं लागलं. लोकांना वाटलं, तारमास्तरला भरून आलं. भरून आलं होतं हे खरंच, पण त्याचं कारण तुला आणि मलाच ठाऊक असं मी काल सकाळपर्यंत समजत होतो. तुलाही ठाऊक नसेल, असंही कधी कधी समजत होतो. सात वर्षं मी असा सोयीप्रमाणे समजत आलो.

तू असतास तर मधेच म्हणाला असतास, "मास्तर, पाल्हाळ नको, तार कुठं तुटली ते सांग." आज नाही ऐकणार तुझं. आज तू गप्प बसायचं आणि मी पहिल्यापासून सांगायचं.

पहिल्यापासून म्हणजे टेंभी नाक्यापासून. लढाई संपवून मी सिग्नल तुकडीतून परत आलो, कल्याणला रेल्वेच्या तारघरात चिकटलो, आणि संध्याकाळी ठाण्याला उतरून एका घड्याळजीच्या दुकानातल्या अर्ध्या फळीवर रेडिओ दुरुस्त करायला बसू लागलो. तू आलास तो शिडाच्या कापडात काहीतरी गुंडाळून, छातीशी धरून. मला वाटलं मासळी आहे. वासही मासळीचाच होता. घड्याळजीने नाक मुरडलं. आतून बॅटरीवर चालणारा रेडिओ निघाला.

"बंद हाय," तू म्हणालास.

मी दुकानाच्या एरियलची तार जोडली, खुंटी फिरवली, आणि त्यातून लख्ख गाणं वाजू लागलं. तू माझ्याकडे अशा रागाने पाहिलंस, जसा काही मी तुझा रेडिओ फितवला. मी विचारलं, एरियल कसली लावली होती. "कुंपनाची तार," तू म्हणालास. गंजलेली? "थोडीशी." पुढे तुझी ओळख वाढल्यावर कळलं की तुझ्या बोलण्यात 'थोडीशी' म्हणजे नखशिखान्त.

तेव्हाच तू सांगितलंस, की गाणी तुला नकोत. मुंबई केंद्रावर दुपारी आणि संध्याकाळी मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा सांगतात, तो तुला मचव्यावर ऐकायचा होता. तुझा थोरला भाऊ, बस्त्यावचा बाप, दोन वर्षांपूर्वी वसईच्या तोंडाबाहेर गेला तो आला नाही. त्या वादळाचाही इशारा दिला होता म्हणे. ऐकायला बाळकुमच्या धक्क्यावर कुणाकडे काही नव्हतं. तू हे सगळं वजनकाट्यावरचा भाव सांगावा तसं सांगितलंस आणि माझ्या फळीवरचा स्क्रू उगाच इकडचा तिकडे ठेवलास. मी म्हटलं, रविवारी सुट्टी आहे, येतो.

ते माझं 'येतो' आठ वर्षं चाललं.

आपण आधी गेलो विठ्ठलवाडीच्या बाजूला. लढाईतल्या छावण्या रिकाम्या झाल्या होत्या, फाळणीनंतर तिथे आलेल्या सिंधी मंडळींपैकी काहींनी लष्करी भंगार विकायला मांडलं होतं. तिथे आपण उन्हात अख्खी दुपार भांडलो. तुला हवी होती सगळ्यांत जाड तार. "जाडी असली म्हंजे ताकद असते," तू म्हणालास, आणि पोट पुढे काढून दाखवलंस. मी सात पदरांची तांब्याची बारीक तार काढली. डोलकाठी दिवसरात्र हलते, जाड एकेरी तार वाकून वाकून एका जागी मोडते, पदरांची तार अंग चोरते पण मोडत नाही, हे मी तुला तीनदा सांगितलं. लोखंड खाऱ्या हवेत सहा महिन्यांत संपतं, तांबं नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं, हेही सांगितलं. शेवटी तू दुकानदाराला विचारलंस. तो बिचारा लाहोरला की कराचीला कापड विकायचा, त्याला काय कळणार. तो म्हणाला, दोन्ही घ्या.

मग ती चिनी मातीची अंडी. तार लाकडाला थेट बांधायची नाही, मधे हे अंडं हवं, नाहीतर ओल्या लाकडातून सगळा आवाज समुद्रात उतरतो. मी प्रत्येक अंड्यावर खिळ्याने टिचकी मारून बघत होतो, कारण केसाएवढी चीर असली तरी तिच्यात खारं पाणी बसतं. तू माझ्या शेजारी बसलास आणि नारळ कानाशी हलवून बघावा तशी ती हलवून बघू लागलास. ढोंग करत होतास हे मला कळत होतं. पण तू बाजूला काढलेल्या दोन अंड्यांना खरंच चीर निघाली, आणि ते तू मला मरेपर्यंत ऐकवलंस.

मचव्याचं नाव 'स्टेला'. तिच्यावर तार चढवली त्या दिवशी तुझा आणि माझा पहिला मोठा वाद झाला. मला अंडं डोलकाठीच्या अगदी टोकाला हवं होतं. तार जितकी उंच आणि मोकळी, तितकं लांबचं ऐकू येतं. टोकावर तुमचा झावळीचा क्रूस. झावळ्यांच्या रविवारी देवळात मिळालेल्या पातीचा क्रूस वळून दर वर्षी तू तिथे बांधायचास, आणि जुना उतरवून घरी देव्हाऱ्यात ठेवायचास.

"त्याला हातभर खाली घे," मी म्हटलं.

"देवाला? तुझी तार घे खाली."

"अरे, ओली पात तारेला चिकटली की आवाज खातो तो क्रूस."

"खाऊ दे. त्याचा मान हाय."

तार हातभर खाली गेली. मी दर वर्षी हा विषय काढायचो आणि तू दर वर्षी तेच उत्तर द्यायचास. तुला खरं सांगू, मधल्या काही वर्षांत हातभराने काही फरक पडत नाही हे मला कळून चुकलं होतं. पण वाद सोडवेना. तुलाही सोडवत नव्हता.

बाकी सगळं मात्र तू माझं ऐकलंस. वरपासून सेटपर्यंत एकसंध तार, उघड्यावर सांधा नाही. तार खाली येऊन आत शिरण्याआधी तिला एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी जमून तिथूनच गळेल. आणि दुसरी तार मचव्याच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला. त्या पत्र्याला तार जोडायला मी कथलाचा डाख दिला तेव्हा तू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतास. डाखाची इस्त्री निखाऱ्यात तापवली, राळेच्या डबीत टेकवली, धूर निघाला. तू एकदम मागे सरलास.

"मास्तर, ह्यो तर देवळातला वास."

मी म्हटलं, राळ आहे, धुपात घालतात तीच. डाख देताना धातू स्वच्छ करते आणि मागे काही घाण ठेवत नाही, म्हणून वापरायची.

"मंग तुझ्या डाखाला फादर नको," तू म्हणालास. "आपोआप बाप्तिस्मा." त्यानंतर मी कधीही इस्त्री तापवली की तू जिथे असशील तिथून येऊन आधी वास घ्यायचास, आणि वास आला की मान हलवून परत जायचास.

लायसनची मजा विसरून चालणार नाही. पोस्टात रेडिओच्या लायसनचा कागद भरताना कारकुनाने विचारलं, यंत्र कुठे ठेवणार. तू म्हणालास, समुद्रात. तो म्हणाला, पक्का पत्ता सांगा. तू म्हणालास, पक्का असता तर रेडिओ कशाला घेतला असता. मी तुला बाहेर बसवून बाळकुमचं घर लिहून दिलं. त्या कारकुनाने नंतर तुझ्याकडून दोनदा पापलेट नेलं.

आता बोंबलावर येऊ. यायलाच हवं.

पहिल्या वर्षी मोसमात मी पहिल्या रविवारी आलो, मिस्सा सुटली होती, आणि धक्क्याला लागलेल्या 'स्टेला'कडे पाहून मी सायकलवरून उतरायचं विसरलो. माझ्या सात पदरांच्या तांब्याच्या तारेवर टोकापासून मागच्या बांबूपर्यंत बोंबील. जोड्या-जोड्या, जबड्यात जबडा अडकवून, रांगेने वाळत घातलेले. तुझी रेजीनबाय खाली उभी राहून टोपलीतला शेवटचा बोंबील वर अडकवत होती.

"जागा फुकट जात होती," ती म्हणाली.

मी ओरडलो. तुझ्या बायकोवर मी ओरडलो, कैतान, तुझ्या समोर, तुझ्या धक्क्यावर. बोंबलाचं खारं पाणी अंड्यांवर उतरतं, त्याची तेलकट पापडी बसते, तिच्यातून आवाज पळतो, एक तर बोंबील ठेवा नाहीतर रेडिओ, असं काहीबाही. सगळा धक्का जमला. तू बोटीच्या काठावर बसून विडी ओढत होतास. म्हणालास, "रेजीन, काढ गो ते. मास्तरच्या वाळवणावर आपलं वाळवण नको." लोक हसले, मीही हसलो, रेजीनबायने मला त्या दुपारी तेच ओले बोंबील तळून वाढले. तरी मधूनमधून, मी येणार नसलो की, चार बोंबील तिथे चढायचे. मला अंड्यांवरच्या पापडीवरून कळायचं. मी गोड्या पाण्याने आणि राखेने ती धुवायचो आणि बडबडायचो. सगळ्या बाळकुमला ते ठाऊक झालं होतं. पुढे तेच माझ्या कामी आलं, आणि त्याचीच मला आज लाज वाटते.

तो दिवस दिवाळीनंतरचा. मी पोचलो तर तू धक्क्यावर पाय आपटत होतास. डोलकाठीपाशी घासून तार तुटली होती, आणि भरती तासाभरात उतरायला लागणार होती. नवी एकसंध तार माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, उद्या जा, मी आणून देतो. तू म्हणालास, सगळे मचवे निघालेत. मग मी माझाच नियम मोडला. म्हटलं, सांधा देतो, पुढच्या रविवारी तार बदलू. पिशवीतून राळेची डबी काढली. डबीत तळाला खरवडसुद्धा नव्हती.

हे तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी राळ संपली होती.

तुझ्या अंगणात चिंचेखाली कल्हईवाला बसला होता. रेजीनबायची भांडी ओळीने मांडलेली, भाता चालू. त्याच्याकडे नवसागर होता. नवसागरानेही डाख बसतो, राळेपेक्षा सुरेख बसतो, तांबं आरशासारखं चमकतं. पण तो धातू खातो. भांड्याला कल्हई झाली की भांडं धुऊन घेतात, म्हणून भांड्याचं काही बिघडत नाही. तारेच्या पदरांत शिरलेला नवसागर धुता येत नाही. हे मला ठाऊक होतं. सिग्नल तुकडीत पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं. मी स्वतःला म्हटलं, आठच दिवसांचा प्रश्न आहे. कल्हईवाल्याकडून चिमूटभर नवसागर घेतला, त्याच्याच निखाऱ्यावर इस्त्री तापवली, आणि सांधा केला. वरून रबराची पट्टी गुंडाळली, तिच्यावर देवळातल्या मेणबत्त्यांच्या थोटकांचं मेण ओतलं. बाहेरून इतका देखणा सांधा मी आयुष्यात केला नाही.

तू वास घ्यायला आलास. वाकलास, थांबलास. "आज वास नाय आला," म्हणालास.

"नवीन पद्धत आहे," मी म्हटलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पिशवी आवरत होतो. मग तू मान हलवलीस आणि गेलास. मला ती मान अजून दिसते.

पुढच्या रविवारी मी आलो नाही. तारघरात एक जण आजारी पडला, त्याची पाळी मला लागली. त्याच्या पुढच्या रविवारी घरी पाहुणे होते. असं करत सव्वा महिना गेला. 'स्टेला' दोनदा जाऊन आली, रेडिओ चालला, तू निरोप पाठवलास की आवाज फस्क्लास आहे. मी म्हटलं, बघू, सांधा टिकलाय की. आणि तिसऱ्या खेपेला तू बाहेर असताना दुपारचा इशारा आला. बाळकुमच्या दोन मचव्यांनी तो ऐकला आणि शिडं फिरवली. तुला फक्त खरखर ऐकू आली. तुला वाटलं बॅटरी उतरली. तू म्हणालास, आजचा दिवस जाळी ओढू आणि उद्या परतू. दुसऱ्या दिवशी पहाटे वाऱ्याने डोलकाठी मोडली, आणि ती तुझ्या उजव्या हातावर पडली.

माणसं सगळी परत आली, ही देवाची दया. बस्त्यावने मोडक्या काठीवर शिडाची चिंधी बांधून 'स्टेला' खाडीत आणली. तुझा हात कोपरात वाकला तो पुन्हा सरळ झाला नाही. त्या हाताने तू पुढे कधी जाळं ओढलं नाहीस.

मी आलो तेव्हा तू ओसरीवर होतास, हाताला पट्ट्या. तुटकी काठी आणि तारेचा गुंता अंगणात आणून टाकला होता. शेजारपाजार जमलेला, आणि त्यांचं सगळं आधीच ठरलेलं. कुणीतरी म्हणालं, "बोंबलानं घात केला." आदल्या आठवड्यात रेजीनबायने तारेवर बोंबील घातले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ती दारात उभी होती. मी गुंत्यात बसलो, सांधा शोधला, मेण खरवडलं, पट्टी उलगडली. आत हिरवी पूड होती. सातही पदर खाल्लेले. बोटाने चिमटीत धरलं तसे दोन तुकडे झाले.

मी काय केलं, तुला सांगतो. तो सांधा मी कापला, आणि हात धुवायला जातोय असं दाखवून धक्क्यावरून चिखलात फेकला. परत येऊन म्हटलं, अंडी धुवायला हवी होती. तेवढंच. बोंबलाचं नाव मी घेतलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. घ्यायची गरजच नव्हती. ते सगळ्यांच्या तोंडी होतंच.

त्या दिवसापासून रेजीनबायने तारेजवळ बोंबील नेला नाही. पाटावर वाळवायची, चुलीजवळ वाळवायची, दोरीला हात लावायची नाही. बायका चेष्टा करायच्या, रेजीन, तुझ्या बोंबलाला वारा कसा सोसत नाही. ती हसायची. मी ओसरीवर बसून अंडी धूत असायचो आणि ऐकत असायचो.

आणि तू, कैतान, तू हात गेल्यावर कान कामाला लावलेस. 'स्टेला' बस्त्यावच्या हाती दिलीस आणि मला म्हणालास, घरी एक तार लाव. अंगणातल्या माडापासून छपरापर्यंत लावली. दुपार आणि संध्याकाळ तू ओसरीवरच्या खुर्चीत रेडिओला कान लावून बसायचास, आणि इशारा असला की धक्क्यावरच्या बांबूला काळं कापड चढवायचास. ते कापड दिसलं की खाडीत कुणी शीड उभारत नसे. रेडिओ नसलेले मचवे तुझ्या कापडावर जायचे-यायचे. निवेदकाचं ते पुस्तकी मराठी तू रेजीनबायला उलगडून सांगायचास. 'वाऱ्याचा वेग वाढण्याचा संभव' म्हणजे, "रेजीन, बस्त्यावला सांग, गप घरी बस."

मी तर बदलूनच गेलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकही चुकवला नाही. बाळकुमच्या ज्या ज्या मचव्यावर रेडिओ आला, त्या सगळ्यांना तारा बांधल्या. पिशवीत राळेच्या दोन डब्या, एक संपली तर दुसरी. गोड्या पाण्याने अंडी धुवायची, तार काठीला घासते का बघायचं, मेण तडकलं का बघायचं, आणि कुठे सांधा दिसला की अख्खी तार बदलायची. लोक म्हणायचे, मास्तर वेडा झालाय. तू म्हणायचास, "त्याला करू दे." मला वाटायचं, तू माझं कौतुक करतोस.

काल मिस्सेनंतर मी तुझ्या घरी गेलो. माणसं पांगली, मी आणि रेजीनबाय ओसरीवर राहिलो. तुझी खुर्ची तिथेच होती. मी ठरवून आलो होतो. म्हटलं, "रेजीनबाय, त्या वेळी बोंबलाने काही झालं नव्हतं. सांधा मी वाईट केला होता. राळ संपली होती, मी नवसागर घातला. कैतानचा हात माझ्यामुळे गेला, आणि तुम्ही सात वर्षं बोल ऐकले तेही माझ्यामुळे."

ती उठली. आत गेली. मला वाटलं, आता परत येणार नाही, आणि आपण उठावं. ती परत आली तेव्हा हातात देव्हाऱ्यातला पत्र्याचा डबा होता, तू जुने झावळीचे क्रूस ठेवायचास तो. क्रूसांच्या खालून तिने कागदाची पुडी काढली. पुडीत माझा सांधा होता. दोन तुकडे, हिरवे.

"ओहोटीला मीच काढला," ती म्हणाली. "तुमी फेकला ते ह्यांनी बघितलं. मना म्हनाले, जा, घेऊन ये."

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

"मास्तर, माझी भांडी होती ती कल्हईला. नवसागर तुमी माझ्या डोळ्यांसमोर घेतला. तांब्याला हिरवं कशानं येतं ते बाईमानसाला शिकवायला नको."

"मग बोलला का नाही? लोक तुम्हाला नाव ठेवत होते."

"मी बोलनार होते. ह्यांनी नको म्हटलं." तिने पदराने डबा पुसला. "म्हनाले, मास्तरला कळलं की आपल्याला ठाव हाय, तर तो लाजंनं यायचा बंद होईल. मंग बाकीच्या मचव्यांना तार कोन बांधील? म्हनाले, रेजीन, तुझ्या बोंबलावर राहू दे. बोंबलाचं काय जातंय, तो मेलेलाच हाय."

मला हसू आलं, कैतान. तुझ्या सातव्याला, तुझ्या ओसरीवर, डोळे भरलेले असताना हसू आलं. मग राग आला. अजून आहे. तू मला माफ केलंस आणि कळवलं नाहीस, ही कसली रीत? सात वर्षं मी दर महिन्याला तुझ्यासमोर बसून तोंड उघडायचो आणि क्रूसाचा वाद काढायचो, कारण खरं काढायची छाती नव्हती. आणि तू तोच वाद माझ्याशी मन लावून घालायचास. एकदा तरी म्हणायचं होतंस, मास्तर, मला माहीत आहे. मी पाय धरले असते. तुला ते नको होतं हे मला समजतं. तुला पहिल्या रविवारी मी हवा होतो, राळेच्या दोन डब्या घेऊन. तुझ्या वाकड्या हाताच्या बदल्यात तू धक्क्यावरचे सगळे मचवे राखलेस, आणि रेजीनबायने तिचं नाव खर्चून तुला साथ दिली. माझ्यावर तुम्हा दोघांचं किती प्रेम होतं ते मला काल कळलं, आणि तू ते ऐकायला नाहीस.

मी तसाच बसून राहिलो असतो. रेजीनबायने बसू दिलं नाही.

"मास्तर, झालं गेलं ते डब्यात ठेवा," ती म्हणाली. "माडाची झावळी पडून अंगनातली तार तुटली, हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा दिवस हितं कुनी इशारा ऐकला नाय. बस्त्याव आज संध्याकाळच्या भरतीला निघतोय. त्याच्या तारेचं बघा, मंग ही जोडा."

'स्टेला'वर गेलो. बस्त्यावने नवी डोलकाठी बसवली होती, आणि मला खूश करायला अंडं थेट टोकाला बांधलं होतं. म्हणाला, "मास्तर, तुमी सांगत होता तसं केलं. काकाचा क्रूस हातभर खाली घेतला." मी त्याला वर चढवलं आणि दोन्हींची अदलाबदल करायला लावली. तो म्हणाला, पन तुमीच तर म्हनत होता. मी म्हटलं, म्हणत होतो. वाद तू जिंकलास, कैतान.

मग अंगणातली तार. नवी एकसंध तार माझ्याकडे नव्हती, पुढच्या रविवारी आणतो म्हटलं, तोवर सांधा. हे शब्द तोंडातून निघाले आणि माझे हात थांबले. तीच चिंच, तीच भरती. रेजीनबायने चुलीतले निखारे आणून ठेवले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली, तू बसायचास तितक्याच जवळ. मी पिशवीतून डबी काढली. भरलेली होती. झाकण उघडून मी ती तिला दाखवली, लहान मुलाने पाटी दाखवावी तशी.

पदर एकमेकांत वळले, इस्त्री तापली, राळेत टेकवली. धूर निघाला. रेजीनबाय वाकली आणि तो नाकभर घेतला.

"हां," ती म्हणाली. "आज वास हाय."

मग ती उठली, तुझ्या खुर्चीत बसली, काळं कापड मांडीवर घेतलं, आणि मला म्हणाली, "लावा रेडिओ. इशाऱ्याची वेळ झाली."